पाकिटातलं जित्राब

(पडवी. गोणपाटावर गव्हाचं बियाणं. पाठीमागे कोंबड्यांचा आवाज.)

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, निफाड तालुका. थंडीच्या बातम्यांत दर हिवाळ्यात जिचा पारा सांगतात ती कुंदेवाडी इथलीच. तिथे गहू संशोधन केंद्र आहे. 'त्र्यंबक', 'तपोवन' हे वाण याच निफाडचे.

मावशींनी दहा किलो बियाणं पसरलंय. गुळाचं पाणी उकळून गार केलंय. गार झालं की नाही, ते बोट बुडवून बघतात आणि मग पाकीट फोडतात. आत काळी भुकटी, अडीचशे ग्रॅम.

भुकटी नुसती वाहक. कामाचे आहेत ते तिच्यातले अ‍ॅझोटोबॅक्टर जिवाणू. सरकारी मानकाप्रमाणे अशा भुकटीत ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत हवेत. म्हणजे या पाकिटात १,२५० कोटी. तेवढं जित्राब दावणीला बांधल्यासारखंच!

(बियाण्यावर काळा लेप चढतो.)

मावशी बियाणं सावलीत सरकवतात. "उन्हात नको रे, मरतील ती." बुरशीनाशक आधी चोळून झालंय; जिवाणू सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला, किंवा पाकिटानं दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली उन्हाळा काढला असला, तर बियाण्याला नुसती काळी माती चोळल्यासारखं होतं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण गव्हाला तो थेट घेता येत नाही. अ‍ॅझोटोबॅक्टरला येतो, हे १९०१ मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बायरिंक यांनी दाखवलं. गंमत अशी, की नायट्रोजन फोडणारं त्याचं विकर, म्हणजे एन्झाइम, ऑक्सिजन लागला की निकामी होतं. म्हणून हा जिवाणू इतक्या जोरात श्वास घेतो, की ऑक्सिजन विकरापर्यंत पोचण्याआधीच संपतो. दिवसरात्र धापा टाकायच्या म्हणजे खायलाही तसंच लागणार. त्याचा चारा म्हणजे जमिनीतला सेंद्रिय कर्ब.

आणि आपण काढणीनंतर काड पेटवून देतो.

(पेटलेलं रान. काही क्षण निवेदन नाही.)

दुसरं पाकीट स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, विरघळवणाऱ्या जिवाणूंचं. चुनखडीच्या काळ्या रानात खतातला स्फुरद चुन्याशी बांधला जातो. हे जिवाणू आम्ल सोडून तो मोकळा करतात.

मात्र हरभऱ्याच्या मुळांवर नायट्रोजन पुरवणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या गाठी येतात, तशा गव्हाला येत नाहीत. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, शिफारस आहे. एका पाकिटाच्या भरवशावर युरिया बंद करा म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हे जिवाणू मुळांच्या वाढीला लागणारी संप्रेरकंही सोडतात. आमच्या मते गव्हाला खरा आधार तिथे मिळतो.

(एकविसावा दिवस. मुकुटमुळं फुटायची वेळ, पहिलं पाणी.)

पाण्याआधी मावशी एक रोप उपटतात, झटकतात. बारीक मुळांना चिकटलेली माती खाली पडत नाही. त्या पुन्हा झटकतात.

(मोटर सुरू होते. पाणी सरीत शिरतं.)