मातीच्या शेगडीला घाई सोसत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

फुगीर पोट, समोर कमानीसारखं तोंड आणि वर उंच निमुळतं धुराडं असलेली, उघड्यावर ठेवायची मातीची शेगडी तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. ही मूळची मेक्सिकोतली. तिथे तिला चिमेनेया म्हणतात, आणि आता ती जगभर अंगणांत आणि बागांत दिसते. साध्या उघड्या शेकोटीत धूर कोणाच्या डोळ्यांत जाईल याचा नेम नसतो. या शेगडीत गरम हवा हलकी होऊन धुराड्यातून वर निघते, तिच्या ओढीने समोरच्या तोंडातून ताजी हवा आत येते, आणि धूर आपल्या डोक्यांवरून निघून जातो. विस्तव तीन बाजूंनी झाकलेला असल्याने ठिणग्याही कमी उडतात. शिवाय लाकूड विझत आल्यावरही मातीची ऊब बराच वेळ टिकते. मला ही शेगडी फार आवडते, आणि म्हणूनच ती पहिल्याच थंडीत तडकून कोपऱ्यात पडलेली दिसली की वाईट वाटतं. तसं होण्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ते नीट समजलं, तर आज मी जे सांगणार आहे त्यातलं फारसं काही पाठ करावं लागणार नाही.

मातीतून उष्णता सावकाश जाते. आत जाळ भडकला की भिंतीची आतली बाजू लगेच तापते आणि प्रसरण पावते. बाहेरची बाजू अजून थंडच असते. आतला थर ताणत असतो आणि बाहेरचा थर जागचा हलत नाही. भाजलेली माती दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्यात ती अगदी कमजोर असते, म्हणून भेग पडते ती बाहेरच्या थंड थरात. जाड काचेच्या ग्लासात उकळतं पाणी ओतल्यावर तो तडकतो, त्याचं कारणही हेच. म्हणजे शेगडी नुसती तापली म्हणून फुटत नाही. ती एकदम तापली किंवा एकदम थंड झाली की फुटते.

दुसरा शत्रू पाणी. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं असतात आणि त्यांत ओल मुरते. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते. ओल्या शेगडीत मोठा जाळ केला तर ही वाफ छिद्रांतून बाहेर पडायला धडपडते, वाट मिळाली नाही तर मातीचे पापुद्रे उडवते, कधी सरळ तुकडाच काढते. आणि जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते तिथे उलट बाजूने घात होतो. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि माती आतून उकलते.

आता निवडीकडे येऊ. विकत घेताना पहिल्यांदा रंग आणि नक्षी यांवरून नजर काढा आणि भिंतीची जाडी बघा. तोंडाच्या काठावर ती सहज दिसते. काठावर जाड आणि पोटात पातळ अशी शेगडी असते, म्हणून हात आत घालून चाचपून पाहा. जाडी सगळीकडे सारखी हवी. जिथे ती अचानक बदलते तिथे एक भाग लवकर तापतो आणि शेजारचा उशिरा, म्हणजे ताण आपण विकतच घेतला. पोट आणि गळा जिथे जोडले आहेत, तो सांधा आतून बोट फिरवून तपासा. नुसता वरून लिंपलेला असेल तर बोटाला खाच लागते.

मग बोटाच्या पेराने शेगडीवर हलकेच टिचकी मारा. पोटावर, गळ्यावर, मागच्या बाजूला, अशी चार-सहा ठिकाणी. नीट भाजलेली, अखंड माती खणखणीत वाजते. एखाद्या ठिकाणी आवाज बद्द आला तर तिथे भेग असण्याची शक्यता असते, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. संपूर्ण शेगडीच बद्द वाजत असेल तर ती कच्ची भाजलेली आहे किंवा तिच्यात ओल आहे. उघड्यावर पावसात ठेवलेली शेगडी घ्यावी लागलीच, तर आधी ती पुरती वाळू द्या. आणि जाड चकचकीत रंगाचा थर दिलेली शेगडी शक्यतो टाळा. तापल्यावर तो रंग सुटतो, शिवाय खालच्या भेगा आणि लिंपलेल्या जागा झाकायला तो फार सोयीचा असतो.

तोंडाच्या कमानीचे दोन्ही खालचे कोपरे मुद्दाम निरखा. गोल भिंतीत सगळा ताण सारखा वाटला जातो, पण जिथे तोंड कापलेलं असतं तिथल्या कोपऱ्यांत तो एकवटतो. शेगडी तडकते तेव्हा भेग बहुधा इथूनच निघते. कोपरे गोलसर घडवलेले आणि काठ जरा जाड ठेवलेला असेल, तर घडवणाऱ्याला आपलं काम कळतं असं समजा. बिडाच्या किंवा पोलादी शेगड्याही मिळतात. त्या तडकण्याचा धोका फार कमी, पण त्या गंजतात आणि बाहेरून जास्त भाजतात. ज्याला मोठा, धडाडून पेटणारा जाळ हवा आहे त्याने मातीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उचलताना गळ्याला धरून उचलू नका. सगळं वजन सांध्यावर येतं आणि तो निखळतो. दोघांनी पोटाखाली हात घालून उचलावी, तीही पूर्ण थंड असताना. शेगडीबरोबर लोखंडी तिवई येते. ती सपाट जागेवर, न डुगडुगता उभी राहिली पाहिजे. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर ठेवायचीच असेल, तर खाली फरशी किंवा विटांचा रुंद थर द्या आणि तो तोंडाच्या पुढेही पुरेसा येऊ द्या, कारण निखारा पडतो तो पुढेच.

जागा मोकळी हवी, आणि मोकळी म्हणजे खरोखरच मोकळी. घराची भिंत, कुंपण, झाडाच्या फांद्या, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांपासून निदान 3 मीटर दूर. वर छप्पर, ताडपत्री, छत्री काही नको. झाकलेली बाल्कनी, तंबू, गॅरेज यांत ही शेगडी कधीही पेटवू नका, आणि विझत आली म्हणून उबेसाठी आत तर मुळीच आणू नका. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठतच नाही. दार थोडं उघडं आहे म्हणून चालेल, असा हिशोब इथे करू नका. वारा जोराचा असेल त्या दिवशी शेगडी पेटवू नका. वारा थेट तोंडात घुसला की भात्याने फुंकल्यासारखा जाळ वाढतो, म्हणून हलक्या वाऱ्यातही तोंड आडोशाकडे ठेवा. धुराड्याच्या टोकावर बारीक जाळी बसवली की ठिणग्या अडतात. तुमच्या भागात उघड्यावर विस्तव करायला बंदी किंवा नियम आहेत का, तेही आधी विचारून घ्या. शेजारी कोणाला दमा असेल तर त्यांनाही विचारा.

पेटवण्याआधी शेगडीच्या तळाशी कोरडी वाळू किंवा बारीक खडी घाला. पोटाच्या आकाराप्रमाणे 7 ते 10 सेंटिमीटरचा थर पुरतो, तोंडाच्या काठापेक्षा जरा खालीच ठेवा. हा थर नसेल तर निखारे थेट तळाच्या मातीवर बसतात आणि तेवढीच जागा भयंकर तापते.

आणि आता पहिला जाळ. मला आज सर्वांत जास्त सांगायचंय ते याबद्दल. नव्या शेगडीत पहिल्या दिवशी लाकडाची फोड घालायचीच नाही. कागदाचे चार बोळे आणि मूठभर बारीक काटक्या, बस्स. पेटवा, जळू द्या, विझू द्या. मधून बाहेरून पोटावर हात ठेवून बघा, नुसतं कोमट लागलं पाहिजे. मातीत मुरलेली ओल निघताना बाहेरच्या अंगावर गडद डाग उमटतात, कधी घाम आल्यासारखे थेंब दिसतात, बारीक सूं सूं असा आवाजही येतो. ही भिण्याची गोष्ट नाही, ओल सावकाश निघते आहे एवढंच. पण हे दिसत असताना आणखी काटक्या टाकू नका. तो जाळ विझल्यावर शेगडी आतपर्यंत थंड होऊ द्या. रात्रभर ठेवा. दुसऱ्या वेळी काटक्या थोड्या वाढवा, तिसऱ्या वेळी एखादी बोटभर जाडीची ढलपी. असे पाच-सहा छोटे जाळ झाल्यावर मगच खरी लाकडं. हिवाळाभर शेगडी न वापरता पडून राहिली असेल किंवा पावसात भिजली असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. पाहुणे यायचे आहेत म्हणून ही पायरी गाळण्याचा मोह होतो. त्यापेक्षा पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा.

रोजच्या वापरातही मोठा जाळ करायचा नाही. जाळ पोटातच राहिला पाहिजे. धुराड्याच्या टोकातून ज्वाळा बाहेर यायला लागल्या तर तुम्ही फार लाकूड घातलं आहे, हे नक्की. मग नवं लाकूड घालू नका, आहे ते आपोआप उतरू द्या. मातीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे कण असतात आणि 573 अंश सेल्सिअसला त्यांचं आकारमान एकदम बदलतं. भडक जाळात आतली भिंत त्याच्या पुढे जाऊ शकते, आणि तापताना एकदा व निवताना पुन्हा एकदा त्या कणांशेजारची माती हादरते. म्हणूनच मातीच्या शेगडीत कोळसा भरून पेटवू नये. कोळशाची आच एकाच जागी आणि फार तीव्र असते.

लाकूड कोरडं हवं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं, ते जाळायला गेलं की नुसता धूर होतो आणि धुराड्यात आतून चिकट काजळी धरते. जळणातली ओल 20 टक्क्यांच्या खाली आली पाहिजे, आणि त्यासाठी फोडून, आडोशाला, वारा लागेल असं रचून सहा महिने ते वर्षभर ठेवावं लागतं. वाळलेल्या फोडीच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात, आणि दोन फोडी एकमेकींवर आपटल्या तर टणक आवाज येतो. रंग दिलेलं, औषध लावलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक यांतलं काहीही त्यात टाकू नका, त्यांचा धूर विषारी असतो. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट ओतून पेटवणं तर सोडाच. त्याची वाफ पोटात साचते आणि काडी लावताच तोंडातून भडका उडतो, तो नेमका समोर वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर.

लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यासाठी शेगडीभोवती निदान 1 मीटरची हद्द आखा. माती लाल होत नाही, धगधगताना दिसत नाही, त्यामुळे ती किती तापली आहे हे मुलांना कळत नाही. लोंबते, सैल कपडे आवरून बसा आणि पेटती शेगडी सोडून उठून जाऊ नका. भाजलंच, तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल नाही. मोठं भाजलं असेल किंवा चेहरा, हात भाजले असतील तर थेट डॉक्टरकडे.

विझवताना पाणी ओतू नका. तापलेल्या मातीवर पाणी पडलं की ती तिथेच फुटते, आणि उसळलेली वाफ हात भाजते. तासभर आधी लाकूड घालणं थांबवा, आणि घाईने विझवायची वेळ आलीच तर वरून कोरडी वाळू टाका. त्यासाठी वाळूची बादली पहिल्यापासून शेजारी असू द्या. पाण्याची नळीही हाताशी ठेवा, पण ती शेगडीबाहेर काही पेटलं तर वापरायला. राखेत पुरलेला निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहू शकतो. राख काढाल तेव्हा झाकणाच्या लोखंडी डब्यातच काढा. प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पेटीत टाकू नका.

शेगडी वापरात नसेल तेव्हा विटांवर उचलून, छपराखाली ठेवा, म्हणजे जमिनीची ओल चढत नाही. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आतल्या आत घाम धरतो. झाकण घालायचं तर हवा खेळेल असं, आणि शेगडी पूर्ण थंड झाल्यावरच.

एखादी केसासारखी बारीक भेग दिसली तर लगेच घाबरू नका. पेन्सिलने तिच्या टोकाला खूण करा आणि पुढच्या चार-पाच वेळा बघा. भेग खुणेपाशीच थांबली असेल तर भट्टीच्या कामाची उष्णतारोधक माती किंवा सिमेंट भरून, नीट वाळवून, पुन्हा छोट्या जाळापासून सुरुवात करता येते. भेग खुणेच्या पुढे सरकत असेल, आरपार गेली असेल किंवा गळ्याच्या सांध्यापाशी पोचली असेल, तर त्या शेगडीत पुन्हा विस्तव घालायचा नाही. गळा जाळात निखळला तर निखारे थेट बसलेल्या माणसांच्या अंगावर येतात. तिच्या पोटात माती भरा आणि एखादं रोप लावा.

नमस्कार.