साईट कुणाच्या हाती राहणार?

नमस्कार मंडळी. समोर वाचनालयांचे कार्यवाह दिसताहेत, गावोगावी संमेलनं भरवणारी मंडळी आहेत, शिक्षक आहेत, महिला मंडळांच्या ताई आहेत. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच बऱ्याच जणांनी मला गाठून एकच प्रश्न विचारला: ‘आमच्या छोट्या वेबसाईटसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?’ नावं घेऊन उत्तर देणार आहे. पण आधी मलाच तुम्हाला काही विचारायचंय. त्या साईटवर मजकूर कोण चढवणार? आजचा उत्साही कार्यकर्ता नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेला, की मग कोण? आणि उद्या ते सॉफ्टवेअरच सोडायची वेळ आली, तर तुमचा मजकूर जसाच्या तसा बाहेर काढता येईल का? सॉफ्टवेअरची निवड या उत्तरांवरून करायची. त्यात सोयी किती आहेत, हे नंतर बघायचं.

हे मी एवढ्या आग्रहानं का म्हणतो, तेही सांगतो. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आज आपण त्याचा दाखला देऊ शकतो, कारण तो कागदावर उतरला आणि कुणीतरी तो कागद जपला. आज कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत संमेलनं होतात. भाषणं होतात, कविसंमेलनं रंगतात. ते सगळं कुठं जातं? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो पडतात, फेसबुकवर दोन दिवस चर्चा होते आणि पुढच्या वर्षी तेच भाषण शोधायला गेलं तर हाती लागत नाही. १८४८ सालापासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या या शहरात असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम काय करते, ते थोडक्यात. साईटचं दिसणं आणि साईटवरचा मजकूर ती वेगळा ठेवते. लिहिणाऱ्यानं लॉगिन करायचं, मजकूर टाकायचा, फोटो जोडायचा आणि ‘प्रकाशित करा’ दाबायचं. रंग, मेनू, मांडणी याची चिंता त्यानं करायची नाही.

यात सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव वर्डप्रेस. त्याची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ला आली, आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाईट त्यावर चालतात. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आतला पडदा मराठीत करून घेता येतो. पण आपल्या दृष्टीनं त्याचं खरं बळ वेगळं आहे. आज साईट करणारा माणूस उद्या निघून गेला, तरी वर्डप्रेस येणारा दुसरा माणूस बेळगावात सापडतो. निपाणीत, खानापुरातही सापडेल. लहान संस्थेला याचा आधार फार मोठा असतो. जूमला आणि ड्रुपलही जुनी, भक्कम आहेत, पण पंचवीस पानांच्या साईटसाठी ड्रुपल शिकायला बसू नका.

वर्डप्रेसची दुसरी बाजू तितकीच नीट समजून घ्यायला हवी. त्याचा मजकूर डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या कोठारात राहतो, पान उघडलं की सर्व्हरवर, म्हणजे साईट जिथं ठेवलेली असते त्या संगणकावर, पीएचपी नावाच्या भाषेतला प्रोग्रॅम चालतो आणि दर वेळी पान नव्यानं जुळवलं जातं. म्हणजे हे चालतं यंत्र आहे, आणि चालत्या यंत्राकडे लक्ष द्यावं लागतं. वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा-अपडेट २०१३ पासून आपोआप बसतात. दुखणं येतं ते बहुतेक प्लगइनमधून, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून. फिरत्या चित्रांसाठी एक, फॉर्मसाठी एक, फोटोंसाठी एक, असं करत पंधरा-वीस प्लगइन जमतात. प्रत्येक वेगळ्या माणसानं लिहिलेलं असतं, आणि त्यातल्या एखाद्यानं काम सोडून दिलं की तिथं भोक राहतं. पीएचपीचंही तसंच. ७.४ या आवृत्तीचा सुरक्षा-आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, तरी जुनी थीम, म्हणजे साईटचं दिसणं ठरवणारा साचा, नव्या आवृत्तीवर चालत नाही म्हणून कित्येक साईट तिथंच अडकून राहिल्या.

संमेलनाच्या साईटचं वर्ष डोळ्यापुढं आणा. थंडीच्या दिवसांत निमंत्रण, कार्यक्रमपत्रिका, भाषण, फोटो एवढं चढतं. मग पुढं दहा-अकरा महिने तिथं कुणी फिरकत नाही. पासवर्ड कुणाकडं आहे तेही विसरलेलं असतं. अपडेट साचतात. आणि एके दिवशी गूगलवर संस्थेचं नाव टाकलं, की खाली जपानी अक्षरांत चपला-बुटांच्या जाहिराती दिसायला लागतात. साईट उघडली तर वरवर ठीक दिसते, कारण घुसलेला मजकूर फक्त सर्च इंजिनला दाखवला जातो. हा नेहमीचा हल्ला आहे, आणि तो ठरवून तुमच्यावर केलेला नसतो. जिथं भोक दिसेल तिथं यंत्रानं केलेला असतो. म्हणून सांगतो: वर्षातून एकदा हालणाऱ्या साईटला वर्डप्रेस लागत नाही.

तिला काय लागतं? एक वाट स्थिर साईटची. ती तयार करणारे प्रोग्रॅम म्हणजे जेकिल, २००८ चा, आणि ह्यूगो, २०१३ चा. यात मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, मार्कडाऊन नावाच्या सोप्या खुणांनी लिहितात. प्रोग्रॅम एकदा चालवला की सगळी पानं तयार होतात आणि ती पानंच सर्व्हरवर ठेवली जातात. तिथं ना डेटाबेस, ना पीएचपी, ना फोडायला लॉगिनचं दार. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी अशी साईट फुकट ठेवता येते. वर्षभर हात लावला नाही तरी ती तशीच उभी राहते. अडचण लिहिणाऱ्याची. निवृत्त गुरुजी मोबाईलवर बोलून मराठी टाईप करतात, त्यांना कमांड द्यायला आणि फाईलींमधले बदल नोंदवणारं गिट शिकायला सांगणं बरोबर नाही. संस्थेत हे जाणणारी दोन माणसं असतील तरच या वाटेनं जा. एकावर विसंबून नको.

मधली वाट आहे फ्लॅट-फाईल सीएमएसची. ग्रॅव्ह, ब्लूडिट ही त्यातली नावं. लॉगिन आहे, लिहायला सोपा पडदा आहे, पण डेटाबेस नाही. प्रत्येक पान म्हणजे एका फोल्डरमधली फाईल. सगळी साईट उचलून पेन ड्राईव्हवर ठेवली की बॅकअप झाला. वीस-तीस पानांची साईट, महिन्यातून एखादी सूचना, अशा वाचनालयाला मला हे सर्वांत योग्य वाटतं. पीएचपी इथंही लागतं, अपडेटही लागतात, पण हलणारे भाग कमी असल्यानं बिघडण्याच्या जागाही कमी. उणीव एकच, आणि ती लपवत नाही: हे येणारा माणूस आपल्या भागात सहज मिळत नाही. म्हणून फाईल कुठं आहेत आणि अपडेट कसं करायचं, ते एका पानावर मराठीत लिहून घ्या.

गूगल साईट्स, ब्लॉगर यांबद्दलही विचारलं गेलं. निमंत्रण आणि पत्त्यापुरतं काम असेल तर खुशाल वापरा, देखभाल शून्य आहे. फक्त घर दुसऱ्याचं आहे, हे लक्षात ठेवा. याहूची जिओसिटीज ही लोकांना आपली वेबपानं ठेवू देणारी एके काळची प्रचंड मोठी सेवा. ऑक्टोबर २००९ मध्ये ती बंद झाली आणि लाखो लोकांची पानं गेली. म्हणून अशा ठिकाणी लिहिलेल्या प्रत्येक मजकुराची प्रत आपल्याकडं हवीच.

आता मराठीचा प्रश्न. बाहेरून साईट करून घेताना याकडं कुणी बघत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

तुमच्या स्मरणिका, अध्यक्षीय भाषणं, निमंत्रणपत्रिका प्रेसमध्ये डीटीपीला होतात. तिथं अजून जुने फॉन्ट सर्रास चालतात. त्याची पीडीएफ साईटवर टाकली की दिसायला देखणी दिसते. पण तिच्यातली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. रोमन अक्षरं, डॉलरची खूण, कंस, टिंबं असा गोंधळ उमटेल. कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर असं काही साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. अशी पीडीएफ गूगलला वाचता येत नाही, आंधळ्या माणसाला पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. म्हणजे भाषण साईटवर असूनही ते शोधणाऱ्याला नाहीच. प्रेसकडून मूळ फाईल मागून घ्या, कन्व्हर्टरनं ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी चिन्हाला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदला, आणि मग कुणीतरी ती शब्दन् शब्द वाचा. रफार सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते, जोडाक्षरं फुटतात. हे काम किचकट आहे, पण चांगलं मराठी येणारा कुणीही ते करू शकतो. त्याला संगणकतज्ज्ञ लागत नाही.

दुसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेसमध्ये मराठी शीर्षक दिलं की पत्ताही देवनागरीत तयार होतो. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्यांच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हं होतात. काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘अध्यक्षीय भाषण’ एवढ्या दोन शब्दांची ११८ चिन्हं होतात. वर्डप्रेस पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालतं, म्हणजे जेमतेम बावीस देवनागरी चिन्हं बसतात आणि लांब शीर्षक मध्येच तुटतं. शीर्षक मराठीतच ठेवा, पत्ता मात्र प्रकाशित करण्याआधी हातानं छोटा, रोमन लिपीत लिहा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर पत्ते बदलले की आधी वाटलेल्या सगळ्या लिंक तुटण्याची भीती असते.

साईटची भाषा सेटिंगमध्ये ‘मराठी’ केली आहे का, तेही बघा. ज्या फॉन्टमध्ये सोय असते, त्यात ल आणि श मराठी वळणाचे त्यामुळंच उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. आणि बेळगाव शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे ‘बेळगावी’ झालंय. लोक दोन्ही नावांनी शोधतात, इंग्रजी स्पेलिंगही दोन आहेत. पत्त्याच्या पानावर दोन्ही नावं येऊ द्या, म्हणजे माणूस तुमच्यापर्यंत पोचेल.

कन्नड पानाचंही बोलायला हवं. आपल्या शेजारी कन्नड वाचणारे लोक आहेत, सरकारी पत्रव्यवहार आहे, मुलं कन्नड शाळांतही जातात. निदान संस्थेची ओळख आणि पत्ता कन्नडमध्ये असावा. ह्यूगो आणि ग्रॅव्हमध्ये अनेक भाषांची सोय मुळातच आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी पॉलीलँगसारखं प्लगइन घ्यावं लागतं. एकच पान असेल तर तेही नको, साधं वेगळं पान करा.

पैशाचं आणि मालकीचं थोडक्यात. डोमेन, म्हणजे साईटचं इंटरनेटवरचं नाव, संस्थेच्या नावावर, संस्थेच्याच ईमेलवर घ्या. करून देणाऱ्यानं ते आपल्या नावावर घेतलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं, अशा संस्था मी पाहिल्यात. त्यांना नाव बदलून नव्यानं सुरुवात करावी लागली. देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मला ते आवडतं, पण ईमेल आणि फॉर्ममध्ये अजून अडतं, म्हणून मुख्य पत्ता ‘.इन’ रोमन लिपीतला ठेवा. एसएसएलसाठी, म्हणजे साईटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, कुणी वेगळे पैसे मागत असेल तर विचारा, कशाचे? लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते प्रमाणपत्र फुकट देते आणि बऱ्याच होस्टिंगमध्ये, म्हणजे साईट ठेवायला भाड्यानं मिळणाऱ्या जागेत, ते आधीच बसवलेलं असतं.

निवड पक्की करण्याआधी एक करा. तात्पुरती साईट उभी करून घ्या आणि कमिटीतल्या सर्वांत कमी संगणक येणाऱ्या सभासदाच्या हाती त्यांचाच मोबाईल द्या. ‘रविवारी वाचनालय बंद राहील’ एवढी सूचना त्यांना एकट्याला चढवता आली पाहिजे, आणि काढताही आली पाहिजे. मग करून देणाऱ्याला सांगा की सगळा मजकूर बाहेर काढून दाखवा. या दोन्हीत जे सॉफ्टवेअर उतरतं ते घ्या, मग त्याचं नाव काहीही असो.

मागून एक प्रश्न आलाय: ‘आमच्या गावात असं बघणारं कुणीच नाही, मग आम्ही काय करावं?’ मग वेगळी साईट काढू नका. पाच-सहा गावांची संमेलनं मिळून एकच साईट काढा. प्रत्येक गावाचा एक विभाग, प्रत्येक गावच्या एका माणसाला लेखक म्हणून लॉगिन. वर्डप्रेसमध्ये लेखक या भूमिकेला फक्त आपला मजकूर लिहिता आणि बदलता येतो, दुसऱ्या गावच्या पानाला हात लागत नाही. अशी साईट वर्षभर हलती राहते, म्हणून तिला वर्डप्रेस शोभतं, आणि अपडेटचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. सुरुवात म्हणून गेल्या पाच वर्षांची अध्यक्षीय भाषणं प्रत्येक गावानं प्रेसमधून मागून आणावीत. फाईल अजून तिथल्या संगणकात असतील. संगणक बदलला की त्या जातात, तेव्हा हे याच महिन्यात करा.