सीर्शा: स्वातंत्र्य नावाची मुलगी

एस-ए-ओ-आय-आर-एस-ई. फळ्यावर लिहिलंय बघा, आता कोणीतरी मोठ्याने वाचा. साओइर्स, साओर्स... हो, सगळे असंच वाचतात आणि मग म्हणतात की आयरिश लोकांची स्पेलिंग म्हणजे वेडेपणाच आहे. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण ती स्पेलिंग अजिबात वेडी नाही, उलट फार शिस्तीची आहे. नाव आहे सीर्शा.

आता आपण पैसा म्हणतो पण पैशाला म्हणतो, ससा पण सशाचे कान, मासा पण माशाचं कालवण. स चा श होतो, कोणी शिकवलेलं नसतं तरी आपोआप होतो. आयरिशमध्येही तसंच काहीसं आहे, फक्त त्यांच्याकडे स आणि श साठी एकच अक्षर, एस. त्याच्या बाजूला ए, ओ, यू असेल तर स, आणि आय किंवा ई असेल तर श. म्हणून शॉन, शिनेड ही नावं एसनेच लिहितात. सीर्शामधल्या पहिल्या एसला ए लागून आहे, तो स, शेवटच्याला ई लागून आहे, तो श, आणि मधले ए-ओ-आय मिळून एक दीर्घ ई. झालं, बसलं की नाही गणित!

अर्थ सांगतो. सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य. मूळ शब्द सीर, म्हणजे मोकळा, कोणाचा बांधील नसलेला, आणि गंमत म्हणजे बाजारात स्वस्त वस्तूलाही आज सीरच म्हणतात. त्याच्या उलट दीर, म्हणजे गुलाम, आणि महागसुद्धा. पण मला सगळ्यात जास्त आवडते ती याच्या मागची व्युत्पत्ती, इथे जरा थांबू. अभ्यासक सांगतात की सीर हा शब्द जुन्या केल्टिकमधल्या, म्हणजे आयरिश जिच्यातून निघाली त्या भाषेतल्या, सु-विरोस वरून आला, सु म्हणजे चांगला आणि विरोस म्हणजे पुरुष. ऐकलंत ना? सु आणि वीर. आपल्या ऋग्वेदात सुवीर आहे, आणि तिकडे तोच जोड घासत घासत सीर झाला. दीर तसाच, दु-विरोस. आपण सुजन-दुर्जन म्हणतो ना, तसंच त्यांच्याकडे सोना म्हणजे सुखी आणि डोना म्हणजे वाईट, हे सो आणि डो म्हणजे आपले सु आणि दुस् च. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो.

पण हे नाव जुनं नाही हं. कुठल्याही पुराणकथेत सीर्शा नावाची राणी नाही, संतीण नाही. शब्द जुना, नाव विसाव्या शतकातलं. का, तर इंग्रजांच्या राज्यात मुळात आयरिश नाव कागदावर टिकणंच अवघड होतं. घरात ग्रानिया म्हणायचे आणि रजिस्टरमध्ये ग्रेस, घरात साइव्ह आणि कागदावर सारा. १९०५ ची गोष्ट आहे, डोनेगलमधल्या एका माणसाने आपल्या गाडीवर नाव आयरिश लिपीत लिहिलं म्हणून त्याला दंड झाला, त्याची बाजू कोर्टात मांडायला उभा राहिला तरुण बॅरिस्टर पॅट्रिक पिअर्स, केस हरला, आणि हाच पिअर्स पुढे १९१६ च्या उठावाचा नेता झाला आणि इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहायचं म्हणजे तिथे साधी गोष्ट नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

मग १९२२ साली आयरिश फ्री स्टेट, म्हणजे मोकळं आयरिश राज्य झालं, आयरिशमध्ये सीरस्तात एरन, त्यातही तोच सीर. आणि त्याच वर्षी कॉर्कमधल्या बाल्टिमोर गावात कॉनर ओब्रायनने एक शिडाची बोट बांधून घेतली, ४२ फुटांची, आणि नाव ठेवलं सीर्शा. १९२३ च्या जूनमध्ये निघाला, केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं टोक, केप हॉर्न असं करत पृथ्वीला वळसा घालून १९२५ च्या जूनमध्ये परत आला, नव्या देशाचा झेंडा लावून. मुलींना हे नाव सर्रास मिळायच्या कितीतरी आधी एका बोटीला मिळालं होतं.

मुलींमध्ये ते रुजायला वेळ लागला, कारण कॅथलिक घरांत बाप्तिस्म्याला संताचं नाव ठेवायची रीत, आणि स्वातंत्र्य नावाचा संत कुठून आणणार. आज मात्र आयर्लंडमध्ये ते पहिल्या पन्नासात सहज असतं. बाहेरच्या जगाला कळलं ते सीर्शा रोनन या अभिनेत्रीमुळे, १९९४ ला न्यूयॉर्कमध्ये जन्मली, आयर्लंडमध्ये वाढली, तेराव्या वर्षी ऑस्कर नामांकन. अमेरिकेतल्या मुलींच्या पहिल्या हजार नावांत हे नाव आलं २०१६ ला. रोनन मात्र स्वतःला सर्शा म्हणवते. आयरिश बोलणारे बरेचजण सीर्शा म्हणतात. दोन्ही त्यांचेच उच्चार आहेत, तेव्हा जिचं नाव आहे तिलाच विचारायचं.

आता मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, आपल्याकडे असं मुलीचं नाव आहे का म्हणून. आहे की, मुक्ता. मोकळी झालेली. आणि आपल्या मुक्ताबाई तर तेराव्या शतकातल्या.