मलवाहिनी गल्लीच्या तोंडाशी थांबू नये

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईच्या सांडपाण्याचा विषय निघाला की आकडे मोठे येतात. 19 जानेवारी 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर. सातही केंद्रं पूर्ण झाली की रोज 2,464 दशलक्ष लिटर मलजल शुद्ध होईल. त्यात एकट्या मालाडचा वाटा 454 दशलक्ष लिटरचा आणि वर्सोव्याचा 180 चा. शहराला याची गरज होतीच, आणि ती फार आधीपासून होती.

आज मात्र मला या केंद्रांच्या पलीकडे, समुद्राच्या कडेला राहणाऱ्या वस्तीबद्दल बोलायचं आहे. मार्वे, आक्सा, एरंगळ, भाटी, मढ आणि खाडी ओलांडून मनोरी, गोराई. हाही मुंबई महापालिकेचाच भाग. पण इथल्या बहुतेक घरांतला मैला आजही अंगणातल्या नाहीतर घराला लागून असलेल्या सेप्टिक टँकमध्येच उतरतो. इथे महापालिकेची मलवाहिनी आली पाहिजे, याबद्दल आता कुणाचं दुमत उरलेलं नाही. माझं म्हणणं पुढचं आहे. वाहिनी रस्त्यापर्यंत आली म्हणजे काम झालं असं धरू नका. घराच्या मोरीपासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंतचा तुकडा योजनेत पहिल्या दिवसापासून धरलेला नसेल, तर रस्ता खोदला जाईल, पाइप पुरला जाईल आणि टाक्या होत्या तशाच राहतील.

आधी टाकीचं काम नीट समजून घेऊ. सेप्टिक टँकमध्ये मैला साठतो, जिरत नाही. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर साय धरतो आणि मधलं पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात. टाकीचं काम इथे संपतं. बाहेर पडणारं पाणी दिसायला बरं असलं, तरी त्यात रोगजंतू असतातच. ते गाळून घेण्याचं खरं काम जमिनीवर सोपवलेलं असतं. जमीन कोरडी असेल, पाण्याची पातळी बरीच खाली असेल, दोन घरांमध्ये मोकळी जागा असेल, तर जमीन ते काम चोख करते. मी टाकीला नावं ठेवत नाही. विदर्भातल्या एखाद्या गावात ऐसपैस अंगण असलेल्या घराला ती पुरेशी आहे.

आपल्या किनाऱ्यावर यातलं काहीच नाही. एकतर वाळू, तिच्यातून पाणी न गाळता सरळ खाली जातं. नाहीतर खाजणाची चिकण माती, तिच्यातून ते जातच नाही. आणि घराला घर लागलेलं.

किनाऱ्यालगतच्या एका गावठाणात, मलनिःसारणाच्या कामावर असताना, आम्ही एका घरमालकाच्या परवानगीने शोषखड्ड्यावरची फरशी उचलली होती. पौर्णिमेचं उधाण होतं. ओहोटीला खड्ड्यातलं पाणी फरशीपासून हातभर खाली होतं. भरती चढत गेली तसं आतल्या भिंतीवरच्या ओल्या विटांची एकेक ओळ पाण्याखाली जात गेली, आणि पूर्ण भरतीला पाणी टाकीतून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला लागलं. घरातल्या मावशी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उधाणाला संडासात पाणी टाकलं तरी उतरत नाय, आम्हाला ठावं हाय." आम्ही टेप लावून जे मोजत होतो ते त्यांना कॅलेंडरवरची तिथी बघून सांगता येत होतं. खड्डा भरतीच्या पाण्यानेच भरला असेल, तर घरातलं पाणी जिरायचं कुठे? पावसाळ्यात तर भरती नसतानाही हीच गत होते.

आता थोडा हिशेब. मलवाहिनी असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानतात. पाच माणसांच्या घराचे रोजचे 540 लिटर झाले. वर्षाचे दोन लाख लिटरच्या आसपास. कुणाकडे पाणी कमी येत असेल, आकडा निम्म्यावर आणा, तरी लाखभर लिटर राहतंच. आणि मैला उपसणारा टँकर दोन-तीन वर्षांतून एकदा येऊन नेतो किती, तर काही हजार लिटर. बाकीचं सगळं आपल्याच पायाखालच्या जमिनीत, विहिरीकडे, नाल्यात आणि शेवटी समुद्रात जातं. ज्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात, जाळी दुरुस्त करतात, पोरं खेळतात, त्याच किनाऱ्यावर. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प महापालिकेने आखला आहे, सुरुवातीला रोज 200 दशलक्ष लिटरचा. जिथलं पाणी पिण्यासाठी उचलायचं, त्याच गावातला मैला जमिनीत मुरत राहावा, हे मला पटत नाही.

टँकरचीही कथा सोपी नाही. मनोरी-गोराईला मार्व्याहून नाहीतर बोरिवलीहून माणसं बोटीने पाच-दहा मिनिटांत जातात, पण मैल्याच्या टँकरला भाईंदर-उत्तनचा वळसा घालूनच यावं लागतं. गावात पोचला तरी गल्लीत शिरत नाही, लांबलचक पाइप घरांमधून ओढत न्यावा लागतो. खर्च वाढतो, म्हणून लोक उपसा पुढे ढकलतात. गाळ भरत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आणि घाण जशीच्या तशी बाहेर पडू लागते. मग कुणीतरी स्वस्तात माणूस आणतो.

इथे मला जरा थांबून बोलायचं आहे. टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. 2013 च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय कुणालाही मलवाहिनीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाखांवर नेली. टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. आत डोकावणाऱ्याला वाटतं, वास गेला, आता हरकत नाही. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. "दोन मिनिटांचं काम आहे" असं म्हणून कुणालाही आत सोडू नका. गाडी मिळेपर्यंत थांबा. संडासाची चार दिवसांची गैरसोय होईल, ती सोसा.

मग मलवाहिनी इतकी वर्षं का आली नाही? दुर्लक्ष झालं हे खरंच. पण अडचणीही खऱ्या आहेत, आणि त्या माहीत असल्या तर आपल्याला नेमके प्रश्न विचारता येतील. मलवाहिनी उतारावर चालते. दीडशे मीटरला एक मीटर उतार धरला, तर सहाशे मीटर लांबीच्या गल्लीच्या टोकाला पाइप चार मीटर खोल जातो. किनाऱ्यावर मीटर-दीड मीटर खणलं की खारं पाणी लागतं. चार मीटर खणायचं तर सतत पंप लावून पाणी उपसायचं, दोन्ही बाजूंच्या मातीला आधार द्यायचा, आणि दोन हातांवर जुन्या घरांच्या भिंती, ज्यांचा पाया किती खोल आहे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून इथे खोल खणण्यापेक्षा पाइप उथळ ठेवून थोड्या थोड्या अंतरावर लहान उदंचन केंद्रं बसवावी लागतात. त्यांना जागा लागते, वीज लागते, वीज गेली तर जनरेटर लागतो. मैला पंप करणारी ती लहान खोली आपल्या दाराशी कुणालाच नको असते. तिची जागा गावानेच बसून ठरवली, तर एक मोठा अडसर दूर होतो.

परवानग्यांचं सांगतो. भरतीरेषेजवळच्या कामाला सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची मंजुरी हवी. वाटेत तिवरं, म्हणजे खारफुटी आली तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाप्रमाणे सार्वजनिक हिताच्या कामालाही तिवरं तोडण्याआधी न्यायालयात जावं लागतं. हा निकाल योग्य आहे असंच मी म्हणेन. तिवरं नसतील तर किनाराच राहणार नाही. त्यासाठी लागणारा वेळ आराखड्यात आधीच धरावा, इतकंच.

मनोरी-गोराईसाठी तर मला वाटतं, मैला खाडीखालून मालाडपर्यंत ओढत नेण्यापेक्षा तिथल्या तिथे लहान प्रक्रिया केंद्र उभारणं शहाणपणाचं. पाइप कमी लागेल, आणि शुद्ध झालेलं पाणी तिथल्या शेतीवाडीला देता येईल. मढ, भाटी, एरंगळची गोष्ट वेगळी. मालाडपर्यंत जमिनीवरून रस्ता आहे, वाहिनी त्याच रस्त्याने नेता येते.

आणि आता तो शेवटचा तुकडा. रस्त्यातली वाहिनी महापालिका टाकते. घरातून चेंबरपर्यंतची जोडणी मालकाने परवानाधारक प्लंबरकडून, रीतसर अर्ज करून, स्वतःच्या पैशाने करायची असते. बिल्डिंगमध्ये सोसायटी हे करून टाकते. गावठाणात आणि कोळीवाड्यात मात्र गाडं अडतं. घर आजोबांच्या नावावर, वारस नऊ. चुलत्याच्या ओट्याखालून पाइप न्यायचा तर त्याची संमती लागते. कोळीवाड्यांचं सीमांकन वर्षानुवर्षं रखडलेलं, त्यामुळे कागद मागितला की लोक मागे सरतात. त्यात फरशी फोडायची, न्हाणीघराचा उतार बदलायचा, आणि वर पाण्याच्या बिलाबरोबर मलनिःसारण आकारही सुरू होणार. ज्याच्या घरची टाकी अजून तुंबलेली नाही, तो म्हणणार, बघू पुढच्या वर्षी. त्याला दोष देता येत नाही. पण गल्लीतल्या वीसपैकी सात घरांनीच जोडणी घेतली, तर त्या वाहिनीत पाण्याला जोर राहत नाही, मैला जागीच बसतो आणि नवी लाइन पहिल्याच वर्षी तुंबते. राहिलेल्या तेरा घरांच्या टाक्या जमिनीत पाझरतच राहतात. एवढा खर्च करून विहिरीचं पाणी होतं तसंच.

म्हणून माझा आग्रह आहे की रस्त्यातल्या वाहिनीच्या निविदेतच घरजोडणी धरावी. त्याच ठेकेदाराने, गल्ली उघडी असतानाच, प्रत्येक घराच्या मोरीपर्यंत पाइप आणून द्यावा आणि जुनी टाकी बंद करूनच पुढे सरकावं. जोडणीपुरता मालकीचा कागद न मागता राहत्या कुटुंबाचं नाव पुरेसं मानावं. पाण्याच्या नळासाठी जे करता येतं ते गटारासाठीही करता आलं पाहिजे. खर्च वाढेल, मान्य. पण गल्ली दुसऱ्यांदा खोदण्यापेक्षा तो कमीच असेल.

आपल्या बाजूनेही एक पथ्य आहे, ते कळकळीने सांगतो. मलवाहिनीत पावसाचं पाणी सोडू नका. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी होतं, म्हणजे त्या घरातल्या रोजच्या सांडपाण्याच्या आठपटीहून अधिक. मुंबईत असा पाऊस दर पावसाळ्यात पडतो. गल्लीतल्या चार घरांनी पन्हळीचा पाइप गुपचूप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडला, तर मैला सगळ्यांत सखल घराच्या मोरीतून वर येतो. बहुतेक वेळा ते घर किनाऱ्याच्या अगदी लगतचं असतं.

जोडणी झाली की जुनी टाकी तशीच झाकून ठेवू नये. आधी यंत्राने पूर्ण उपसून घ्यावी, चुन्याची पूड टाकावी, पाणी साठू नये म्हणून वरून, आत न उतरता, तळाला भोक पाडून घ्यावं आणि मग वाळू किंवा मुरूम भरून वर फरसबंदी करावी. रिकामी टाकी पावसाळ्यात पाणी भरून डासांचं घर होते, आणि वरचं झाकण कुजलं की कुणीतरी आत पडतं.

सर्वेक्षणाची माणसं दारात येतील तेव्हा आपली टाकी नेमकी कुठे आहे ते त्यांना दाखवा. ती स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेली असेल, शेजाऱ्याशी सामाईक असेल, तिचं पाणी पावसाळी गटारात सोडलेलं असेल, तरी लपवू नका. या बाबतीत दंडाची भीती घालणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा नकाशावर न आलेली टाकी जास्त नुकसान करते. महापालिकेनेही सर्वेक्षणात सापडलेल्या जुन्या चुकांना दंड लावणार नाही असं लेखी जाहीर करावं. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या. कोणत्या घराखालून जुनी मोरी जाते, कुठे विहीर बुजवली आहे, उधाणाला पाणी पहिल्यांदा कुठे चढतं, हे त्यांच्याकडून समजून घेऊन त्या नकाशावर लिहून घ्या. पाइप त्यानंतरच मागवावा.