गिटारनं सोडलेला गंधार

(सोलापुरातल्या चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, पोरांसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

आज उपासनेत ड्रम आणि डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, गिटार हवी असलेली पोरं आलीत आणि ऑर्गनशिवाय उपासना झाल्यासारखीच वाटत नाही ते ज्येष्ठ पण आलेत, याचा मला खरंच आनंद झालाय. माझं मत आधीच सांगून टाकतो. मला पॉप रॉक हवाय. पण सोप्रानो, अल्टो (बायकांचे वरचा आणि खालचा), टेनर, बेस (पुरुषांचे वरचा आणि खालचा) हे चार आवाज घालवून नकोय.

अमेरिकेत इम्पिरियल्स म्हणून ग्रुप आहे, 1964 ला जेक हेसनं सुरू केला, चार पुरुषांचे आवाज आणि पियानो, एकदम जुन्या वळणाचं सदर्न गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं ख्रिस्ती भक्तिगायन. 1969 ते 1971 हे लोक एल्विस प्रेस्लीच्या मागे गायले, 1972 ला शर्मन अँड्रस हा कृष्णवर्णीय गायक त्यांच्यात आला, आणि 1987 च्या अल्बममध्ये तर त्यांनी सरळ पॉप रॉकच धरला. या सगळ्यात पहिल्या दिवसापासूनचा बेस गायक आर्मंड मोरालेस मात्र तिथंच उभा होता, आणि मला त्या ग्रुपची हीच गोष्ट सगळ्यात जास्त भावते, की वाद्यं बदलली, माणसं बदलली, तरी खालचा आवाज त्यांनी सोडला नाही.

आता जरा गिटारकडे या. रॉकमध्ये जो पॉवर कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) वाजतो त्यात फक्त सा आणि प असतात, त्यांच्या मधला गंधार (ग) नसतोच. कारण डिस्टॉर्शन लावून गंधार वाजवला की सूर एकमेकांत घासतात आणि सगळा गढूळ आवाज होतो, म्हणून गिटारवाले तो सोडून देतात. पण मेजर का मायनर, म्हणजे गाणं आनंदाचं का व्याकुळ, हे तर गंधारच ठरवतो ना, शुद्ध का कोमल! म्हणजे गिटारनं ती जागा रिकामीच ठेवलीय, तिथं कोणीतरी गायलाच पाहिजे. आपला तानपुरा पण प-सा-सा-सा असाच लावतात की, आणि गंधार गायकानं लावायचा असतो. म्हणून अल्टोच्या मुली जेव्हा म्हणतात की सर आता बँड आलाय, आमचं काय काम, तेव्हा मला फार वाईट वाटतं. अगं, तुमचं काम उलट वाढलंय!

बेसवाल्यांचं थोडं वेगळं आहे. बेस गिटारची जाड तार खुली वाजवली की 41 हर्ट्झ, आणि आपला बेस गायक तोच सूर वरच्या सप्तकात लावतो, 82 च्या आसपास. दोघं एकच ओळ गायला-वाजवायला लागले की माणूस बुडतो, ऐकूच येत नाही. त्याला चालती ओळ द्या, गिटार सा वर थांबली असेल तेव्हा याला प कडे जाऊ दे.

आणि शब्द. माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते, लहानपणी डबा द्यायला गेलो की त्या खडखडाटात ते अजिबात ओरडायचे नाहीत, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत शब्द टाकायचे आणि मला स्पष्ट कळायचं. स्नेअर, म्हणजे ड्रममधला कडक ठोका, चार मात्रांतल्या दोन आणि चारवर पडतो, तिथं 'प्रभू' मधला लांब 'भू' आणून आदळू नका, त्याला मोकळी जागा द्या. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बिघडलं की प्रार्थना कानाला लागत नाही, इंग्रजी चालीवर बसवलेल्या जुन्या गीतांमध्ये ही चूक आपण वर्षानुवर्षं गातोय. चार मात्रांचा रॉक बीट आपल्या केरवा तालाच्या जवळचाच आहे, मग अडचण कसली?

ज्येष्ठांना एवढंच सांगतो, नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी 1860 च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, पुढे 1895 ला बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीत येशू गायला, आणि ती भजनं तुम्ही आजही डोळे मिटून म्हणता. त्यात टाळ-मृदंग होते म्हणून भक्ती काही कमी झाली नाही.

बरं, आता बोलणं पुरे. गिटार, तू नुसतं सा-प धर, डिस्टॉर्शन चालू ठेव. ड्रम थांबा. अल्टो, पुढे या, माईकपासून वीतभर लांब उभ्या राहा. आधी कोमल गंधार लावा, मी हात वर केला की शुद्ध. आणि मागच्या बाकावरच्या आजी, तुम्ही पण या, तुमचा अल्टो मला माहितीय.