किनाऱ्यावरचा पिझ्झा

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीची सुट्टी लागली की आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेने गोव्याकडे निघणारे कोल्हापूरकर पुष्कळ असतात, आणि दोन दिवस मासे खाऊन झाले की बरोबरची मुले पिझ्झ्याचा हट्ट धरतात, हेही ठरलेलेच. अशा वेळी आपल्या शहरातही असलेल्या साखळी दुकानात शिरण्यापेक्षा हरमलसारख्या गावात, जिथे मुक्काम ठोकून राहणाऱ्या परदेशी प्रवाशांमुळे लाकडाच्या भट्टीवरचा पिझ्झा रुजला, तिथल्या एखाद्या साध्या ठिकाणी जावे, असे मी सुचवेन.

आपण पदार्थाची पारख तिखटावर आणि रश्श्यावर करणारी माणसे. त्यामुळे पिझ्झा समोर येताच त्यावर काय काय घातले आहे, तेवढेच आपण पाहतो. मात्र या पदार्थाचे सारे कसब खालच्या पोळीत असते. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावरच नेपल्स शहरातील कारागिरांची ती कला उभी आहे, जिचा समावेश युनेस्कोने २०१७ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मळलेले पीठ तिथे आठ ते चोवीस तास आंबू देतात. आपल्या किनाऱ्यावरच्या उकाड्यात ते फार लवकर आंबते, म्हणून जाणता स्वयंपाकी यीस्ट बेताने घालतो किंवा गोळे फ्रीजमध्ये ठेवतो. त्या दिवसाचे गोळे संपले की नवे लगेच करता येत नाहीत. तेव्हा रात्री नऊ वाजता कोणी ‘पीठ संपले’ म्हणून परत पाठवले, तर रागावू नये, दुसऱ्या दिवशी लवकर जावे.

भट्टी दिसेल अशा जागी बसता आले तर उत्तम. आतील तापमान साधारण साडेचारशे अंश सेल्सिअस असेल, तर पिझ्झा दीड मिनिटात तयार होतो. विटांच्या तळाची धग खालून लागते, घुमटाला चाटून जाणारी ज्वाळा वरून भाजते, आणि पिठातील पाण्याची एकाएकी वाफ होऊन कडा निखाऱ्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगते. तिच्यावरचे काळे ठिपके पाहून ‘करपला’ अशी तक्रार करू नये. घरच्या ओव्हनची मजल बहुधा अडीचशे अंशांपर्यंतच असल्याने तिथे वेळ जास्त लागतो, आणि तेवढ्यात पाणी उडून पोळी कडक होते.

म्हणून पहिल्यांदा टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीचे बेझिल एवढेच असलेला मार्गारिटा मागवावा आणि तो जागेवरच, गरम असताना खावा. पार्सल करून लॉजवर नेला की चीज थिजते आणि पोळी चिवट होते. त्यावर टोमॅटो सॉसची बाटली उपडी करणे मुलांना माफ आहे, मोठ्यांना नाही. तिखट हवेच असेल, तर दुसरा पिझ्झा गोव्याच्या चोरिसचा घ्यावा. लाल मिरची आणि व्हिनेगर लावून मुरवलेले ते डुकराचे मांस खाणाऱ्याला आपल्या झणझणीतपणाची उणीव भासू देत नाही.

कोळंबीचा किंवा माशांचा पिझ्झा मागवताना मात्र महिना पाहावा. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे तेव्हा ताटात येणारी कोळंबी बहुधा बर्फातली असते. वाळूवरचे शॅकही पावसाळ्यात उतरवलेले असतात. त्या दिवसांत गावातल्या रस्त्यावरची, पक्क्या छपराची ठिकाणे शोधावीत आणि ती उघडी आहेत ना, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. नमस्कार.