कालचं कमाल, आजचं किमान
(खानदेशातल्या विज्ञान शिक्षकांसमोरील व्याख्यान, संपादित)

वहीपासूनच सुरुवात करू. शाळेची हवामानाची वही तपासताना बहुतेक ठिकाणी पहिली चूक पहिल्याच ओळीत सापडते. सकाळी साडेआठला मुलं कमाल-किमान तापमापक वाचतात, दोन आकडे घेतात आणि दोन्ही आजच्या तारखेपुढे लिहून टाकतात. किमान आजचंच असतं, पहाटे सूर्य उगवायच्या सुमाराचं. कमाल मात्र काल दुपारी अडीच-तीनचं असतं, ते कालच्या ओळीत जायला हवं. एप्रिलमध्ये ही गफलत लपून जाते, कारण रोजच 42-43. जूनमध्ये वळवाचा पाऊस येतो, एका दिवसात पारा 41 वरून 34 वर उतरतो, आणि आलेखात पावसाच्या दिवशी सगळ्यात जास्त ऊन पडलेलं दिसतं. मुलं विचारतात, असं कसं? उत्तर हवेत नसतं, वहीत असतं.

पावसाचा नियम याच्या उलट आहे. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेचा. भारतीय हवामान विभाग असंच लिहितो. 14 जुलैच्या रात्री दहा वाजता कोसळलेला पाऊस 15 जुलैच्या ओळीत जातो. मुलांना हे पटत नाही, "पण पाऊस तर काल पडला!" म्हणतात. त्यांना पटवत बसण्यापेक्षा वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवा. पुढे महसूल मंडळाच्या पावसाच्या आकड्यांशी आपला रकाना पडताळायला घेतला आणि काही जुळेना, तर आधी आपला रकाना एक ओळ खाली सरकवून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

साडेआठ ही वेळ अडचणीची आहे, कबूल. सकाळची शाळा असते तेव्हा प्रश्न नाही, पण एरवी शाळा भरते साडेदहा-अकराला. शाळेजवळ राहणारी दोन मुलं आणि एक राखीव, अशी आठवड्याची पाळी लावा. तेही जमत नसेल तर अकराला वाचा, पण मग वर्षभर अकरालाच, आणि वहीवर तसं नोंदवा. आज साडेआठ, उद्या अकरा, परवा मधली सुटी, असं झालं की त्या आकड्यांचं पुढे काहीच करता येत नाही.

आता पेटी. तापमापक सावलीत हवा, वारा लागायला हवा, आणि तापलेल्या भिंतीची, पत्र्याची धग लागता कामा नये. या तिन्ही गोष्टी एकत्र साधते ती झडपांची पांढरी पेटी, स्टीव्हन्सन पेटी. तापमापकाचा फुगा जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, दार उत्तरेला. खानदेशात यात एक बारीक मेख आहे. आपण 21 अक्षांशाच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत. जूनमध्ये सकाळी साडेआठला सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे असतो, आणि दार उघडलं की तिरपं ऊन थेट आत शिरतं. वाचणाऱ्याने उन्हाच्या बाजूला उभं राहून आपली सावली आत पाडायची आणि वाचून झाल्याबरोबर दार लावायचं.

सुताराकडून पेटी करून घेणं परवडत नसेल तर कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा घ्या. 20 सेंटीमीटर व्यासाच्या सात बशा, पालथ्या, एकावर एक, मध्ये दीड-दोन सेंटीमीटरची फट राहील अशा तीन लांब बोल्टांवर ओवायच्या. वरच्या दोन अखंड ठेवायच्या, बाकीच्यांचा मधला भाग कापायचा आणि त्या पोकळीत डिजिटल तापमापकाचा वायरवाला सेन्सर लटकवायचा. सेन्सर बशीला टेकला की बशीचं तापमान दाखवतो, हे लक्षात असू द्या. आपल्याकडच्या उन्हात हे प्लास्टिक पिवळं पडून तडकतं, वर मे महिन्याच्या वावटळी धुळीचा थर चढवतात. मळकी बशी ऊन शोषते आणि आकडा हळूहळू चढतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, मार्चमध्ये गरज पडली तर बशा बदला. जागा मातीची किंवा गवताची हवी. पेव्हर ब्लॉकचं अंगण आणि स्लॅब या दोन्ही जागा बाद.

तापमापक टांगण्याआधी तपासून घ्या. ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी एका भांड्यात घ्या, पाच मिनिटं ढवळा, फुगा बुडवा. शून्य दिसलं तर ठीक. 0.8 दिसलं तर तो तापमापक टाकू नका, त्यावर "वजा 0.8" अशी चिठ्ठी चिकटवा. ही दुरुस्ती नंतर स्वतंत्र रकान्यात करायची. वाचलेला आकडा आहे तसाच लिहायचा.

ओला आणि कोरडा फुगा या जोडीवर थोडं रेंगाळतो, कारण खानदेशात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. दोन सारखे तापमापक घ्यायचे, एकाच्या फुग्यावर ओलं मलमल. पाणी उडतं, फुगा थंड होतो, आणि दोघांमधल्या फरकावरून कोष्टक बघून सापेक्ष आर्द्रता काढायची. नव्या कापडात खळ असते, ते पाणी नीट ओढत नाही. आधी साबणाच्या पाण्यात उकळून, चांगलं खळखळून घ्या. फुग्याला एकच घट्ट पदर गुंडाळायचा, चार पदरांची पगडी नाही. पाण्याची बाटली फुग्यापासून पाच-सात सेंटीमीटर बाजूला आणि खाली, झाकणाला वातीपुरतं भोक. वात म्हणजे फुग्याच्या कापडापासून बाटलीतल्या पाण्यात सोडलेली पट्टी. एप्रिलमध्ये लहान बाटली दिवसभरात कोरडी होते, म्हणून मोठी घ्या.

आणि पाणी बोअरचं वापरू नका. आपलं बोअरचं पाणी जड. ते उडून जातं आणि क्षार वातीवर राहतात. पंधरा दिवसांत कापड कडक, पांढरट होतं, फुग्याभोवती कवच धरतं, मग फुगा पुरेसा थंड होत नाही. याचा हिशेब बघा. कोरडा 40, ओला 22, तर पेटीतल्या साध्या जोडीने आर्द्रता सुमारे 17 टक्के येते. वात खराब झाल्याने ओला 24 दाखवू लागला तर तीच हवा 23 टक्क्यांची होते. दोन अंशांची चूक, आणि आर्द्रता एकतृतीयांशाने वाढली! इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा, उन्हाळ्यात वात आठवड्याला बदला. वाचताना श्वास रोखून, आधी कोरडा मग ओला, आणि दशांश आधी बघायचा, कारण तोंड जवळ आणलं की तोच सगळ्यात आधी हलतो.

पर्जन्यमापकाला महागडं काही लागत नाही. 11.3 सेंटीमीटर व्यासाच्या नरसाळ्याचं तोंड बरोबर 100 चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणजे 10 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. खाली दोन लिटरची बाटली ठेवली तर 200 मिलिमीटरपर्यंत सांडत नाही. बाटलीवर पट्टी चिकटवून उंची मोजण्याच्या भानगडीत पडू नका, तिचा तळ पाच पायांचा असतो आणि खालचे आकडे हमखास चुकतात. पाणी मोजपात्रात ओता, पाण्याचा पृष्ठभाग मध्ये वाकलेला दिसतो, त्या वक्राच्या तळाशी डोळा नेऊन वाचा.

नरसाळ्याचा व्यास मात्र पट्टीने चार दिशांनी मोजा. बाजारात 11 सेंटीमीटरचंही मिळतं, त्याचं तोंड 95 चौरस सेंटीमीटरचं. ते 100 धरून चाललात तर पडलेला 66 मिलिमीटर पाऊस वहीत 63 च्याही खाली दिसेल. अतिवृष्टीची सरकारी रेषा 24 तासांत 65 मिलिमीटरची आहे. पीकनुकसानीचा पंचनामा कुणी शाळेच्या वहीवरून करणार नाही, पण मुलांच्या घरी त्या रेषेवरून काय काय बोललं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. तीन मिलिमीटर कशाला म्हणतात हे समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

मापक झाडापासून, भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. काठ जमिनीपासून 30 सेंटीमीटरवर, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत उडत नाहीत. बाटली अर्धी मातीत पुरा, नाहीतर वादळात ती आडवी होते. पाऊस लांबला की नरसाळ्याच्या नळीत गांधीलमाशी किंवा कोळी घर करतो, म्हणून कोरड्या दिवसांतही रोज डोकावायचं. आणि पाऊस नसेल तर रकान्यात 0 लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे पाहिलंच नाही, 0 म्हणजे पाहिलं आणि नव्हता. दोन्ही सारखे धरले की महिन्याची बेरीज खोटी ठरते.

हवेच्या दाबाचं थोडक्यात. बऱ्याच मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो. तो जागेवरचा दाब दाखवतो, आणि हवामानाचं अ‍ॅप समुद्रसपाटीवर किती असता ते हिशेबाने काढलेला. 200 मीटर उंचीवर दोघांत साधारण 23 हेक्टोपास्कलचा फरक पडतो, त्यामुळे मोबाइल बिघडला असं समजू नका. एक दिवस तासातासाला नोंद घ्या. सकाळी दहाच्या सुमारास दाब सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, रात्री पुन्हा चढतो, पहाटे पुन्हा उतरतो. निरभ्र दिवशीही हे असं घडतं. दुपारी दाब दोन-तीनने उतरला म्हणून मुलं वादळाचं भाकीत करतात. आज चारला किती होता ते काल चारला किती होता याच्याशीच ताडायचं, हे एकदा कळलं की खरी घसरण वेगळी दिसू लागते.

आता आकडे मांडण्याकडे. आठवी-नववीला पहिलं काम द्या, कमालमधून किमान वजा करण्याचं. एप्रिलमध्ये फरक 17-18 अंशांचा, जुलै-ऑगस्टमध्ये सात-आठाचा. कोरडी, निरभ्र हवा रात्री जमिनीची उष्णता सोडून देते. ढग आणि बाष्प ती अडवतात आणि दिवसा ऊनही अडवतात. वळवाआधीच्या चार-पाच दिवसांत किमान कसं चढत जातं तेही मुलांना रेघेवर दाखवा. घामाघूम रात्री आलेखात उमटलेल्या दिसतात.

दुसरं काम काठीच्या सावलीचं. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला. सावली गायब होते ती घड्याळाच्या बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, जळगाव साडेपंचाहत्तरच्या जवळ, फरक जवळपास अर्ध्या तासाचा. आता दोन्ही दिवसांचं कमाल तापमान काढा. सूर्य तितकाच उभा, पण जुलैत पारा आठ-दहा अंश खाली. ढग आणि ओल्या मातीतून उडणारं पाणी, दोघांचा वाटा किती यावर वर्गात भांडण लावून द्या. जुलैत ढगांमुळे सावली बघायला मिळाली नाही तर तेही उत्तरच आहे.

या सगळ्यात एक खड्डा आहे, उन्हाळी सुटीचा. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि पहिला वळीव नेमके सुटीत येतात. मे गाळून काढलेली "वर्षाची सरासरी" लिहू नका. किती दिवसांची सरासरी ते तिच्या शेजारी लिहा. आलेखातही जिथे नोंद नाही तिथे रेघ तोडा, दोन टोकं जोडून मधला महिना सपाट करू नका.

नोंदी घरी बसून भरल्यात का हे ओळखायचं असेल तर मुलांना रागवू नका, शेवटचे अंक मोजा. शंभर तापमानांमधले दशांश घ्या, 0 पासून 9 पर्यंत प्रत्येक साधारण दहादा यायला हवा. 0 आणि 5 मिळून साठदा आले तर डोळ्याने दशांश वाचायचा सराव कमी पडतो आहे. ओळीने पाच दिवस एकच आकडा दिसला तर पेटीकडे कुणी फिरकलेलंच नाही. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या, आपलीच वही तपासायला त्यांना भारी मजा येते. खाडाखोड रबराने नको. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि शेऱ्यात कारण. "पेटीचं दार उघडं सापडलं", "बाटली आडवी होती", "शेळीने वात ओढली", हे शेरे दोन वर्षांनी आकड्यांइतकेच उपयोगी पडतात.

पावसाची बेरीज महिन्यांनी तर कराच, पण नक्षत्रांनीही करा. मृग 7-8 जूनला लागतो, आर्द्रा 21-22 जूनला, म्हणजे तेरा-चौदा दिवसांचा एकेक तुकडा. घरातली म्हातारी माणसं वावरातलं सगळं याच मापाने बोलतात. प्रत्येक नक्षत्रासमोर एकूण मिलिमीटर लिहा, आणि पावसाचे दिवस किती तेही. हवामान विभाग 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच पावसाचा दिवस धरतो. एकाच रात्रीत 70 मिलिमीटर आणि बाकी तेरा दिवस कोरडे, असा मृग कागदावर भरघोस दिसतो आणि कपाशीची उगवण मात्र करपते. आजोबा म्हणतात "मृग कोरडा गेला", नातू म्हणतो "70 मिलिमीटर झाला". दोघांची वही एकच आहे, फक्त रकाने वेगळे.